मांजर खातंय, पण अंगाला का लागत नाही?

श्रावण सरत आला की आमच्या बेळगावच्या वडगावात दरवर्षी हा विषय निघतोच. परवा मागच्या गल्लीतल्या अक्कांनी मला दारातच थांबवलं आणि कट्ट्यावर पसरलेल्या त्यांच्या भाटीकडं, म्हणजे मांजरीकडं, बोट दाखवून म्हणाल्या, "बघ की गं, कसलं वाळलंय हे. सकाळ-संध्याकाळ वाटीभर दूध घालायलोय, भाकरी कुस्करून घालायलोय, सगळं चाटूनपुसून खातंय, तरी हाडं वर यायलीत. कुणाची नजर-बिजर लागली काय?"

नजर नव्हे. अक्कांच्या बोलण्यातच उत्तर होतं: दूध आणि भाकरी. आपल्याकडं दोन वेगळे शब्द आहेत, पोट भरणं आणि अंगाला लागणं, आणि मांजराच्या बाबतीत या दोन्हीत जेवढं अंतर आहे तेवढं क्वचितच दुसऱ्या कुठल्या पाळीव जनावरात असेल. गेल्या वर्षी आमच्या चिंगीला वर आणताना हे सगळं मला धडपडत शिकावं लागलं, डॉक्टरांना विचारून, वाचून, आणि सुरुवातीला चुका करून, म्हणून जरा सविस्तर लिहायलेय.

श्रावणातच का, तेही सांगते. जून-जुलैत समुद्रातली मासेमारी बंद असते, त्यामुळं कारवार-गोव्याकडनं येणारा मासा कमी आणि महाग, ते उघडतंय तोवर श्रावण, मग चतुर्थी, आणि तिच्या पाठोपाठ येणाऱ्या उंदराच्या सणाला, उंदरीला, मटण शिजेपर्यंत बऱ्याच घरात काहीच नाही. एरवी गल्लीतल्या मांजरांना माशाची मुंडकी, चिकनची कातडी, काहीतरी मिळत असतं. ते दोन-तीन महिने तुटतं आणि वाटीत उरतं फक्त दूध-भाकरी, दहीभात.

वाळलंय की मुळातच बारीक आहे?

डोळ्यांनी बघून ठरवू नका, केस फसवतात. हात लावून बघा. तुमचा एक हात सपाट पसरा, पालथा करा आणि बोटांच्या मागची हाडं दुसऱ्या हातानं चाचपा. मांजराच्या बरगड्या एवढ्याच लागल्या, म्हणजे हाताला कळतात पण टोचत नाहीत, तर मांजर ठीक आहे. आता मूठ आवळा आणि वरच्या गाठींवरनं बोट फिरवा. बरगड्या अशा लागत असतील, पाठीचा कणा करवतीसारखा लागत असेल, कमरेची दोन हाडं वर आलेली असतील, तर वजन कमी आहे. डॉक्टर याच गोष्टीला १ ते ९ असे मार्क देतात, त्याला बॉडी कंडिशन स्कोअर म्हणतात, ५ म्हणजे उत्तम आणि १ म्हणजे नुसता सांगाडा. आणि एक, पोट फुगलेलं पण पाठ वाळलेली, असं पिल्लू दिसलं तर ते गुटगुटीत म्हणून सोडून देऊ नका, ते बहुतेक जंत असतात.

आपलं साधं गावठी मांजर मोठं झाल्यावर साधारण ३ ते ४ किलो भरतं, बोका थोडा जास्त.

मांजराचं शरीर कशावर चालतं

गाय गवतावर चालते, माणूस काहीही पचवतो, कुत्राही भाकरी-आमटीवर बऱ्यापैकी निभावतो. मांजर मात्र पक्कं मांसाहारी. म्हणजे त्याला मांस आवडतं एवढंच नाही, मांसातले काही घटक त्याचं शरीर स्वतः बनवूच शकत नाही.

आपल्या शरीराला चार दिवस डाळ-मांस कमी मिळालं तर ते प्रोटीन जपून वापरायला लागतं. मांजराच्या लिव्हरला ते जवळजवळ जमतच नाही, तिथली प्रोटीन जाळायची भट्टी सदा पेटलेली असते. आता भट्टी पेटलेली आहे आणि बाहेरनं लाकूड येत नाही, तर काय होईल? घराचे वासे काढून चुलीत जातील. वासे म्हणजे मांजराचं स्वतःचं मांस. म्हणून दूध-भाकरीवरचं मांजर पाठीवर, मांड्यांवर आधी वाळतं आणि पोट मात्र गच्च दिसतं. अक्कांची भाटी तशीच दिसत होती, पोट गोल आणि मागचे पाय काडीसारखे.

दुसरी गोष्ट टॉरिन. हा मांसात-माशात असणारा एक घटक आहे, धान्यात आणि भाजीत तो जवळपास नसतोच, आणि मांजराला तो पुरेसा तयार करता येत नाही. तो कमी पडला तर डोळ्यांचा पडदा खराब होतो, हृदय सैल पडतं. १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी दाखवून दिलं की मांजरांमधला हृदयाचा एक जीवघेणा आजार टॉरिन कमी पडल्यामुळं होतो आणि टॉरिन दिल्यावर सुधारतो. त्यानंतर कंपन्यांनी कॅट फूडमधलं टॉरिन वाढवलं. व्हिटॅमिन ए चं पण तसंच आहे, आपण गाजरातनं बनवतो, मांजराला ते आयतंच लागतं, मांसातनं.

आणि मांजराला गोड चव कळतच नाही. गोड ओळखणारा जीन त्यांच्यात बिघडलेला आहे, हे २००५ मध्ये सिद्ध झालं. मग आमच्याकडचं मांजर कुंद्याच्या बॉक्सवर का तुटून पडतं? साखरेसाठी नव्हे, खव्यातल्या स्निग्ध वासासाठी. त्यामुळं "बिस्कीट आवडीनं खातंय" हे काही त्याला बिस्कीट पाहिजे असल्याचं लक्षण नाही.

मग दुधानं काय बिघडतं?

दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. ती पचवणारा रस पिल्लात भरपूर असतो, मांजर मोठं होईल तसा कमी होत जातो. बऱ्याच मोठ्या मांजरांना मग दूध प्यायल्यावर गॅस, पातळ जुलाब होतात. काहींना चमचाभर चालतं, वाटीभर नाही.

पण समजा पचलं तरी हिशोब बसत नाही. कॅलरी म्हणजे खाण्यातनं मिळणारी ताकद मोजायचं माप. ३ किलोच्या मांजराला दिवसाला अंदाजे २०० कॅलरी लागतात. गाईच्या १०० मिली दुधात साधारण ६५ कॅलरी आणि तीनेक ग्रॅम प्रोटीन, बाकी बहुतेक पाणीच. तेवढ्याच वजनाच्या उकडलेल्या बिनहाडाच्या चिकनमध्ये १५० च्या वर कॅलरी आणि ३० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन. मांजराचं पोट एवढंसं, ते दुधानं भरलं की त्याला भूकच राहत नाही. चिंगीला मी सुरुवातीला नंदिनीचं अख्खं अर्धा लिटरचं पाकीट दिवसभरात थोडं थोडं करून घालत होते, माया म्हणून. आठ दिवसात जुलाब लागले आणि होतं तेही वजन गेलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं, कारण ती बिचारी प्रत्येक वेळी वाटी चाटून माझ्याकडं बघायची.

घालायच्या आधी कारण शोधा

हा भाग उडी मारून पुढं जाऊ नका. गळक्या घागरीत कितीही पाणी ओता, भरत नाही.

सगळ्यात जास्त सापडणारी गळती म्हणजे जंत. उंदीर खाणाऱ्या, बाहेर फिरणाऱ्या मांजरात हमखास. पिल्लांना आईच्या दुधातनं येतात, आणि शेपटीखाली वाळक्या तांदळाच्या दाण्यासारखं काही चिकटलेलं दिसलं तर ते टेपवर्मचे तुकडे, ते पिसवांमधनं येतात, म्हणजे जंताबरोबर पिसवांचं पण बघावं लागतं. गोळी वजनावर ठरते, म्हणून डॉक्टरांकडनंच घ्या, घरातलं पोरांचं जंताचं औषध अंदाजानं पाजू नका.

दुसरी, पिल्लं. पाजणाऱ्या भाटीला एरवीच्या दुप्पट-तिप्पट खाणं लागतं. मांजर साधारण दोन महिन्यात वितं आणि आधीची पिल्लं पीत असतानाच परत गाभण राहू शकतं. वर्षात दोन-तीन वेत झाली की कितीही घाला, सगळं पिल्लांच्या अंगाला जातं. चिंगीचं तेच झालं होतं. तिचं खरं औषध पिल्लं बंद करायचं ऑपरेशन होतं, पण डॉक्टर म्हणाले आधी जरा अंगानं भरू दे. ऑपरेशननंतर तर वजन वाढायलाच लागतं, कारण शरीराची गरज कमी होते आणि भूक वाढते.

तिसरी, तोंड. खायला धावतं, एक घास घेतं, मान वाकडी करतं, घास खाली पाडतं, तोंडाला वास येतो, लाळ गळते. याला भूक आहे पण चावताना दुखतंय.

आणि मांजर म्हातारं असेल, दहाएक वर्षांचं, आणि खा-खा खाऊनही वाळत असेल, रात्री ओरडत फिरत असेल, तर थायरॉइड वाढलेला असू शकतो. पाणी भरपूर पिऊन सारखं मुतत असेल तर शुगर किंवा किडनी. ही दोन्ही रक्त तपासल्याशिवाय कळत नाहीत, इथं नुसतं खाणं वाढवून भागत नाही.

आपल्या भागातली अडचण मला माहीत आहे, तालुक्याच्या दवाखान्यात रांग गाई-म्हशींची असते आणि मांजर पिशवीत घेऊन जायला लोकांना संकोच वाटतो. जावा. जाताना कागदावर लिहून न्या, काय खातंय, किती खातंय, शी कशी होतेय, उलटी होतेय काय. डॉक्टर कन्नडमध्ये विचारोत नाहीतर मराठीत, प्रश्न हेच असतात.

एक गोष्ट मात्र वाट बघण्यासारखी नाही. मांजरानं पूर्ण दिवसभर काहीच खाल्लं नाही तर फोन करा, दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर अंगातली चरबी लिव्हरमध्ये साचून लिव्हर बंद पडायला लागतं. "भूक लागली की खाईल" हे माणसाच्या पोराला चालेल, मांजराला नाही.

काय घालायचं, किती घालायचं

माझं मत सांगते: रोजचा पाया कॅट फूडचा ठेवा आणि त्यावर मोहात पाडायला चिकन, मासा, अंडं. कारण नुसतं बिनहाडाचं चिकन महिनोन्‌महिने घातलं तर कॅल्शियम कमी पडतं, आणि घरी सगळं मोजून बसवणं आपल्याला जमत नाही. कोरड्या दाण्यांमध्ये १०० ग्रॅमला साधारण ३५० ते ४०० कॅलरी असतात, म्हणजे थोड्यात जास्त, वाळलेल्या मांजराला तेच पाहिजे. वजन वाढवायचं असेल तर पिल्लांचं म्हणजे किटन फूड मोठ्या मांजरालाही काही आठवडे चालतं, त्यात प्रोटीन आणि फॅट जास्त असतं. फक्त म्हातारं, किडनीचं मांजर असेल तर विचारून.

चिकन उकडायचं साधं पाण्यात. मीठ नाही, हळद-मिरची नाही, कांदा-लसूण तर अजिबात नाही. आणि ते पाणी फेकू नका, टॉरिन पाण्यात उतरतं, तेच पाणी कोमट करून दाण्यांवर घाला, वासानं मांजर आपोआप येतं. छातीच्या पांढऱ्या मांसापेक्षा मांडीचं गडद मांस, कोंबडीचं हार्ट हे जास्त चांगलं, स्वस्तही पडतं. कलेजी आठवड्यातनं एखाद-दोन वेळा तुकडाभर, रोज नको, व्हिटॅमिन ए फार झालं तर हाडं धरतात. अंडं पूर्ण शिजवून, त्यातलं पिवळं वाळलेल्या मांजराला फार उपयोगी. तारली-बांगडा उकडून, काटे काढून. कच्चा मासा सारखा घालू नका, काही कच्च्या माशांत बी-वन व्हिटॅमिन मोडणारा घटक असतो.

रस्त्यावरनं आणलेलं, बरेच दिवस उपाशी असलेलं मांजर असेल तर पहिल्याच दिवशी वाटी भरू नका. फार उपाशी शरीरात एकदम खाणं गेलं तर रक्तातले क्षार ढासळतात आणि जीवावर बेततं. पहिल्या दिवशी अगदी थोडं, मग चार-पाच दिवसांत हळूहळू पूर्ण, आणि सांगाडाच उरला असेल तर डॉक्टरांसमोरच सुरुवात करा. खाणं बदलतानाही तसंच, जुन्यात नवीन मिसळत आठ दिवस.

वाटी कशी ठेवता यानंही फरक पडतो

एका उंदरात सुमारे ३० कॅलरी असतात. म्हणजे मांजराला दिवसाला सहा-सात उंदीर पाहिजेत, आणि ते एकदम सहा खात नाही, दिवस-रात्र मिळून थोडं थोडं खातं. त्याचं पोटच तसं बनलंय. आपण मात्र माणसासारखं दोन वेळा घालतो. तेवढंच खाणं पाच-सहा वेळा विभागून घाला, शेवटचं रात्री झोपताना. जे नवराबायको दोघं कामावर जातात त्यांनी दाणे ठेवून जावेत, ओलं खाणं सकाळ-संध्याकाळ.

फ्रिजमधनं काढलेलं गार चिकन मांजर हुंगून निघून जातं आणि आपण म्हणतो माजलंय. माजलं नाही, त्याला वासच आला नाही. मांजर जिभेपेक्षा नाकानं जेवतं. गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून अंगाएवढी कोमट करा. पावसात सर्दी झालेलं मांजर पण याचमुळं खात नाही, ओल्या कापडानं नाक पुसून मग वाटी पुढं करा.

घरात दोन-तीन मांजरं असतील तर वाळलेल्याला वेगळ्या खोलीत दार लावून खाऊ घाला. आमच्याकडं बोका काही भांडत नव्हता, नुसता येऊन शेजारी बसायचा, आणि चिंगी अर्ध्यातनं उठून जायची. मागच्या बाजूला माग बंद पडलेल्या खोलीत, सुताच्या पेंड्यांमागं तिची वाटी ठेवायला लागल्यावर तिनं पहिल्यांदा वाटी रिकामी केली. दाराच्या फटीतनं मी बघत होते, खाताना तिचे कान पहिल्यांदा मागं वळत नव्हते.

"पूर्वी कोण एवढं करत होतं?"

हे अक्कांनी पण विचारलं. "आमच्या आज्जीच्या घरात मांजरं दूध-भाकरीवरच वाढली की."

नाही वाढली. ती उंदरांवर वाढली. कौलारू घर, पोत्यातलं भात, मागाच्या खोलीत सूत, निपाणीकडं तंबाखूची गोदामं, सगळीकडं उंदीर. भाकरीचा तुकडा हा वरचा खुराक होता. आता स्लॅबची घरं झाली, धान्य डब्यात गेलं, उंदराला औषध घालायला लागलो (आणि ते औषध खाल्लेला उंदीर मांजराच्या पोटात गेला तर मांजरही दगावू शकतं, हे लक्षात ठेवा). शिकार गेली आणि वाटीत फक्त वरचा खुराक उरला.

"आम्ही माळकरी, घरात मांस चालत नाही"

सीमाभागात हा प्रश्न खरा आहे, माळकरी आहेत, लिंगायत, जैन घरं आहेत, आणि मांजर तर सगळ्यांच्याच दारात येतं. कुणाच्या श्रद्धेला मी धक्का लावणार नाही, पण खोटंही सांगणार नाही: घरच्या शाकाहारावर मांजर नीट राहत नाही, पनीर-दही घालूनही नाही. अशा घरात कोरडं कॅट फूड हा सगळ्यात सोयीचा मार्ग. शिजवायचं नाही, हात लागत नाही, वाटी परसात वेगळी ठेवता येते. माझ्या ओळखीच्या एका माळकरी काका-काकूंनी तसंच केलंय, वाटी तुळशीपासनं लांब, गोठ्याच्या कोपऱ्यात. तेही नको असेल तर शेजारच्या मांसाहारी घराशी बोलून ठेवा, मांजर तसंही दोन घरं धरूनच असतं.

कुत्र्याचं खाणं स्वस्त मिळतं म्हणून ते मात्र घालू नका. त्यात मांजराला लागेल एवढं प्रोटीन आणि टॉरिन नसतं.

"पाकिटातल्या दाण्यांनी किडनी जाते म्हणे"

चांगल्या, मांजरांसाठीच्या पूर्ण आहाराच्या दाण्यांनी निरोगी किडनी खराब होत नाही. खरा मुद्दा पाण्याचा आहे. मांजर मुळात पाणी कमी पितं, उंदरातनंच त्याला पाणी मिळतं, दाण्यात ते नसतं. म्हणून पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवा, खाण्यापासनं लांब, आणि दिवसातनं एखादं जेवण तरी ओलं, रस्सा घातलेलं असू दे.

उंदरीच्या आधी एवढं वाचाच

दोन महिने दूध-भाकरीवर असलेल्या मांजरापुढं उंदरीच्या दिवशी एकदम मटणाचा रस्सा आणि हाडं पडतात. रस्स्यातला कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, शिजलेलं हाड चिरफळून घशात-आतड्यात रुततं. मसाला टाकायच्या आधी दोन तुकडे पाण्यात वेगळे उकडून काढा, एवढंच करायचं.

आणि ताप आलाय म्हणून मांजराला माणसाची पॅरासिटामॉल कधीही देऊ नका, एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते. कुत्र्याचं पिसवांचं औषधही मांजराला लावू नका, त्यातल्या बऱ्याच औषधांत परमेथ्रिन असतं, तेही मांजराला विष आहे.

वजन किती दिवसात दिसतं?

आठवड्याला शरीराच्या वजनाच्या १ ते २ टक्के वाढलं तर ते चांगलं. अडीच किलोच्या मांजराला म्हणजे २५ ते ५० ग्रॅम. हे घरातल्या माणसांच्या काट्यावर कळणारच नाही. मी दर रविवारी सकाळी गिऱ्हाईक यायच्या आधी चिंगीला कापडी पिशवीत घालून कोपऱ्यावरच्या किराणी दुकानात न्यायचे. मामा काट्यावर स्वच्छ पोतं अंथरायचे, आधी रिकाम्या पिशवीसकट शून्य करायचे, मग म्हणायचे, "ठेव आता, हलू नको म्हणावं तिला." आणि उधारीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायचे. ते पान अजून आहे: २ किलो ३१०, २ किलो ३३५, २ किलो ३८०, परत २ किलो ३८०.

वजन थांबलेल्या त्या आठवड्यात मी जंताचा दुसरा डोस चुकवला होता. तो दिला, आणि पुढच्या रविवारी काटा परत हलला. तीन-चार आठवडे नीट खाऊनही आकडा जागचा हलत नसेल तर घरचे प्रयोग थांबवून रक्त तपासून घ्या. दहाव्या रविवारी मामांनी २ किलो ७४० लिहिलं, आणि त्याच आठवड्यात मी ऑपरेशनची तारीख घेतली.

अक्कांना मी तेच दुकान सांगितलंय. येत्या रविवारी त्यांची भाटी पिशवीत बसते काय बघायचं.